उद्यानांसाठी कच्च्या पाण्याची वेगळी योजना: पैसा कोणत्या लेखाशीर्षातून आणावा?

दूधगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. कर्नाटकातील चिकोडी-निपाणी पट्ट्यातील आमच्या छोट्या शहराच्या एका प्रश्नावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण येथे कोणाला दोष द्यायचा नसून योजना उभी करायची आहे आणि अशीच अडचण सीमाभागातील बऱ्याच नगरपालिकांची असणार.

आमची लोकवस्ती तीस हजारांच्या आसपास आहे. नगरपालिकेची तीन उद्याने आहेत आणि त्यांचे क्षेत्र मिळून तीन एकर भरते. नदीवरील जॅकवेलमधून (नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीतून) उचललेले पाणी फिल्टर हाऊसला येते, तेथे तुरटी, वाळूचे थर आणि क्लोरिन असे सगळे सोपस्कार होऊन ते गावात जाते, आणि त्याच शुद्ध केलेल्या पाण्याचे टँकर भरून उद्यानांतील हिरवळीवर सोडले जातात. मार्चपर्यंत याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. एप्रिलमध्ये मात्र नदीचे पात्र उघडे पडते, काळम्मावाडी धरणाचे पाणी केव्हा सुटणार याकडे सगळे डोळे लावून बसतात, नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येऊ लागते आणि अशा दिवसांत पालिकेचा टँकर उद्यानाच्या फाटकातून आत जाताना दिसला की त्याच दुपारी घागरी घेऊन महिलांचा मोर्चा कार्यालयावर येतो. मग टँकर बंद होतो, हिरवळ करपते, आणि पावसाळ्यात नव्या हिरवळीचे टेंडर निघते. गेली काही वर्षे हेच चालले आहे.

बाजारपेठेमागे पालिकेच्या मालकीची एक जुनी दगडी विहीर आहे. आज तिच्या पायऱ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य पडलेले असते, पाण्यावर हिरवी साय धरलेली असते, पण ऐन मे महिन्यातही ती आटत नाही. या विहिरीतील गाळ काढून, पाच अश्वशक्तीची मोटर बसवून, सुमारे एक किलोमीटर नव्वद मिलिमीटरची एचडीपीई (प्लास्टिकची) वाहिनी टाकून आणि साठ हजार लिटरची टाकी बांधून तिन्ही उद्यानांना कच्चे, म्हणजे शुद्ध न केलेले, पाणी द्यावे, असा प्रस्ताव आम्ही काही नागरिकांनी दिला. एका ओळखीच्या अभियंत्याने केलेले अंदाजपत्रक ३८ लाखांचे आहे. मुख्याधिकाऱ्यांनी प्रस्ताव शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला: निधी कोठून, म्हणजे हिशेबातील कोणत्या खात्यातून (लेखाशीर्षातून), आणायचा? पिण्याच्या पाण्याच्या निधीतून झाडांना पाणी देता येणार नाही, आणि उद्यानाच्या निधीत तर माळ्याचा पगारसुद्धा जेमतेम भागतो, असे त्यांचे म्हणणे पडले.

तर अशा योजनेसाठी कोणकोणती दारे ठोठावता येतील? लोकवर्गणीचा पर्याय व्यवहार्य आहे का? कोणी केले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

जमाखर्च

नगरपालिकेच्या लेखा विभागात बराच काळ काढलेला असल्यामुळे पैशाच्या बाजूने लिहितो. विहीर आणि मोटर याबद्दल अभियंते सांगतील.

मुख्याधिकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण छोट्या नगरपालिकेकडे येणारा बहुतेक पैसा आपापले कुलूप घेऊनच येतो. केंद्रीय वित्त आयोगाचे उदाहरण घ्या. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगात आपल्यासारख्या छोट्या शहरांच्या अनुदानाचा ४० टक्के भाग मुक्त, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चता येणारा, होता आणि ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच. बंधित भागापैकी निम्मा स्वच्छता व घनकचऱ्यासाठी, आणि उरलेला निम्मा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन आणि पाण्याचा पुनर्वापर यांच्यासाठी. आता आपला प्रस्ताव या शब्दांसमोर ठेवून पाहा. विहिरीतून पाणी उपसून उद्यानाला देणे हे पिण्याचे पाणी नव्हे, पाऊस साठवणे नव्हे आणि पुनर्वापरही नव्हे. लेखापरीक्षक पहिल्याच फेरीत आक्षेप काढेल आणि तो आक्षेप पुढे कितीतरी वर्षे फायलीत लटकत राहील. मुक्त ४० टक्क्यांतून हे काम करण्यास अडचण नव्हती, परंतु त्या मुक्त भागावर गटारी, दिवे आणि रस्ते यांचा डोळा असतो. सोळाव्या आयोगाचा काळ २०२६-२७ पासूनचा आहे, तेव्हा त्याच्या अटी जिल्हा नगरविकास कक्षातील योजना संचालकांकडून लेखी घेऊन मगच ठरावाचा मसुदा लिहावा.

राज्य वित्त आयोगाचा मुक्त निधी हे दुसरे दार. त्यात आणि पालिकेच्या स्वनिधीत (स्वतःच्या उत्पन्नात) एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी: कर्नाटकात या रकमेतील २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर दुर्बल घटकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. ही रक्कम वजा केल्याशिवाय किती पैसा मोकळा आहे हे कळत नाही, आणि सभेत बोलणारे नगरसेवक बहुधा ती वजा न करताच बोलतात.

अमृत २.० ही केंद्राची योजना १ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्व वैधानिक शहरांसाठी सुरू झाली. एक लाखाखालील लोकवस्तीच्या शहरांना केंद्राचा वाटा ५० टक्के, आणि तिच्या कामांत पाणीपुरवठ्याबरोबर जलस्रोतांचे पुनरुज्जीवन आणि उद्याने यांचाही समावेश आहे. कागदावर आपली विहीर आणि आपली उद्याने दोन्ही तिच्यात बसतात. परंतु ही पाच वर्षांची योजना होती आणि तिच्यातील कामे राज्याच्या कृती आराखड्यात आधी यावी लागतात, त्यामुळे आज नवे काम घुसवणे किती शक्य आहे हे विचारूनच पाहावे लागेल. राज्याच्या नगरोत्थान योजनेचा निधी बहुधा रस्त्यांतच मुरतो. आमदार आणि खासदार निधीतून टाकी किंवा वाहिनी होऊ शकते, कारण तो टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. मात्र त्यातून वीजबिल आणि पगार देता येत नाहीत.

येथेच माझा खरा मुद्दा येतो. ३८ लाख कोठून तरी मिळतील, कारण उद्घाटनाला फीत कापायला सगळे तयार असतात. प्रश्न त्यानंतरच्या दरवर्षीच्या खर्चाचा आहे. हिशेब असा: एका एकरावर उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर वीस हजार लिटर लागते. तीन एकरांना साठ हजार. तीस मीटरचा एकूण दाब आणि मोटरीची कार्यक्षमता पन्नास टक्के धरली तर रोजची वीज सुमारे दहा युनिट होते. युनिटला आठ रुपये धरले तरी महिन्याला अडीच हजारांच्या आतच. म्हणजे विजेचा बाऊ करण्याचे कारण नाही. माणूस मात्र महाग आहे. मोटर चालू करणारा, गाळणी धुणारा, फुटलेला सांधा त्याच दिवशी जोडणारा एक व्हॉल्वमन बाह्यस्रोतावर (कंत्राटदारामार्फत) ठेवला तर पंधरा हजारांच्या खाली कोण येईल? दुरुस्ती धरून महिन्याला वीस हजार, वर्षाला दोन लाख चाळीस हजार. हा पैसा दरवर्षी लागणार, तो कोणत्याही योजनेतून येणार नाही, आणि तो आधी ठरवला नाही तर तिसऱ्या वर्षी मोटर जळून पडून राहील. सीमाभागात अशा पडून राहिलेल्या मोटरींची वानवा नाही.

म्हणून माझे मत असे की आधी वर्षाचे दोन लाख चाळीस हजार उभे करावेत आणि मगच ३८ लाख मागावेत. कच्च्या पाण्याचा टँकर बांधकामाला, वॉशिंग सेंटरला, रोपवाटिकांना विकता येतो. आज हीच मंडळी एक तर पिण्याचे पाणी वापरतात किंवा खासगी बोअरवेलचे विकत घेतात. पाच हजार लिटरच्या टँकरला पाचशे रुपये दर ठेवला तर वर्षाला चारशे ऐंशी टँकर विकले की संपूर्ण खर्च निघतो, आणि तेही उन्हाळ्याच्या आधी, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या बांधकामाच्या हंगामात बरेचसे विकून होतात. लोकवर्गणी घ्यायचीच तर झाडांच्या आळ्यांसाठी घ्यावी. मोटरीच्या बिलासाठी वर्गणी मागायची वेळ आली तर दुसऱ्या वर्षी कोणी दारही उघडणार नाही.

निवृत्त पाणीपुरवठा अभियंता

जमाखर्च यांनी लिहिलेले शब्द न् शब्द खरे आहे, परंतु प्रश्नकर्त्यांना मी एक वेगळाच प्रश्न विचारतो. आपल्या फिल्टर हाऊसच्या मागच्या बाजूला कधी गेला आहात काय?

वाळूचे थर दर एक-दोन दिवसांनी उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावे लागतात. याला सगळेच बॅकवॉश म्हणतात. हवेची मोटर चालू होते, वाळू उकळल्यासारखी खदखदते आणि मग मागच्या चेंबरमधून आठ-दहा मिनिटे तांबूस, फेसाळ पाण्याचा लोंढा धाडधाड नाल्यात जातो. हे पाणी म्हणजे मैला नव्हे. ते नदीचेच पाणी असते, फक्त वाळूने पकडलेला गाळ आणि तुरटीचे कण त्यात असतात. एकूण शुद्ध होणाऱ्या पाण्याच्या साधारण २ ते ५ टक्के पाणी असे वाया जाते. तीस हजार लोकवस्तीला माणशी शंभर लिटर धरले तर रोज तीस लाख लिटर पाणी शुद्ध होत असेल, आणि त्याचे तीन टक्के धरले तरी नव्वद हजार लिटर होते. आपल्या तिन्ही उद्यानांना लागते साठ हजार. म्हणजे ज्या पाण्यासाठी विहीर उपसायची, त्याच्या दीडपट पाणी पालिका स्वतःच्या हाताने, वीजबिल भरून, नदीतून उचलून नाल्यात ओतते आहे.

निधीच्या दृष्टीने यातला फरक जमाखर्च यांच्या लगेच ध्यानात येईल. विहिरीचे पाणी पुनर्वापरात बसत नाही, पण बॅकवॉशचे पाणी निवळून पुन्हा वापरणे हा तर सरळसरळ पुनर्वापरच आहे. जो प्रस्ताव बंधित निधीच्या दारावर अडला होता, तो स्रोत बदलताच आत जाऊ शकतो. काही केंद्रांमध्ये हे पाणी निवळून पुन्हा प्रक्रियेच्या सुरुवातीला सोडण्याची सोय असते, तेव्हा आपल्याकडे ती आहे का आणि असल्यास चालू आहे का, हे आधी पाहावे. छोट्या गावांत ती असली तरी बहुधा बंद असते.

बांधकाम अवघड नाही. शेजारी शेजारी दोन कप्प्यांची निवळण टाकी बांधावी, एकेक कप्पा एका दिवसाचे पाणी मावेल एवढा. आज भरलेला कप्पा रात्रभर निवळतो आणि उद्या वरचे पाणी तरंगत्या तोंडाच्या पाइपने काढून घेतले जाते. खाली उरलेला तुरटीचा चिखल वाळवण्याच्या वाफ्यावर पसरावा. तो झाडांच्या बुंध्याशी टाकू नये, कारण त्यातील ॲल्युमिनियम मुळांना मानवत नाही आणि वाळल्यावर त्याची पोपडी धरून माती पाणी पिईनाशी होते. वर निघालेले पाणी तुषार सिंचनाला थेट चालते. ठिबक करायचे असेल तर मात्र वाळूची गाळणी आणि त्यानंतर चकतीची गाळणी अशा दोन्ही लागतील, नाहीतर महिन्याभरात ड्रिपर चोंदतील.

दुसरा फायदा असा की फिल्टर हाऊस बहुधा गावातील सर्वांत उंच जागी असते, कारण तेथून टाक्यांत पाणी उतरवायचे असते. उद्याने खाली असतील तर मोटरीची गरजच उरत नाही, आणि मोटर नसली की जमाखर्च यांचा व्हॉल्वमनही अर्ध्या दिवसाचा होतो.

एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी कमी दिवस सुटते, म्हणजे फिल्टर हाऊस कमी चालते, म्हणजे बॅकवॉशही कमी निघतो. नेमकी गरज असते तेव्हाच हे पाणी निम्म्यावर येईल. उलट पावसाळ्यात नदी गढूळ असते, फिल्टर वारंवार धुवावे लागतात आणि पाणी भरपूर निघते, पण तेव्हा उद्यानांना ते नको असते. त्यामुळे विहीर सोडून देऊ नये. बॅकवॉश हा मुख्य स्रोत आणि विहीर ही उन्हाळ्यातील तीन महिन्यांची पुरवणी, असा विचार करावा.

खानापूरकर

आमच्या बाजूला, कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस इतका पडतो की हा प्रश्न वाचून सुरुवातीला गंमत वाटली. परंतु तोच पाऊस चिकोडी-अथणीपर्यंत जाईतो किती उरतो हेही ठाऊक आहे. माझा प्रश्न इतकाच की तीन एकरांपैकी हिरवळ किती आहे आणि ती कशासाठी आहे? कोपऱ्यात "हिरवळीवर बसू नये" अशी पाटी असलेली हिरवळ असेल, तर ती काढून तेथे करंज, कडुनिंब, बहावा लावले तर तिसऱ्या वर्षानंतर त्यांना आठवड्याला एकदा पाणी पुरेल. हिरवळ मुलांच्या खेळाच्या जागेपुरती ठेवावी. निधी शोधण्याआधी गरज कमी केली तर अंदाजपत्रकही कमी होईल. उद्यानातील आळ्यांना नारळाच्या झावळ्यांचे आच्छादन घातले तरी उन्हाळ्यात फरक दिसतो.

दूधगंगाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अभियंताकाका, आपण लिहिल्याप्रमाणे कालच फिल्टर हाऊसच्या मागे जाऊन आलो. चेंबरचे पाणी थेट ओढ्यात जाते आणि त्या ओढ्याच्या काठी एका शेतकऱ्याने गुपचूप मोटर लावून ऊस पिकवला आहे. म्हणजे या पाण्याचा पुनर्वापर आधीपासूनच होतो आहे, फक्त पालिकेच्या नावावर नाही!

परिस्थिती अशी: फिल्टर हाऊस टेकडीवर आहे आणि सर्वांत मोठे उद्यान, दीड एकराचे, त्याच्या अगदी पायथ्याशी आहे. उरलेली दोन छोटी उद्याने बाजारपेठेजवळ, म्हणजे विहिरीजवळ आहेत. खानापूरकर यांचा हिरवळीचा मुद्दा मान्य आहे, आणि त्या दोन छोट्या उद्यानांत तसेही लोक झाडाखालच्या कट्ट्यांवरच बसतात.

मात्र दोन शंका आहेत. एका नगरसेवकांचे म्हणणे असे की मुले खेळता खेळता हे पाणी पितील आणि काही झाले तर जबाबदार कोण? दुसरे म्हणजे आसपासच्या साखर कारखान्यांकडून सामाजिक जबाबदारीच्या निधीतून काही मिळू शकेल, असे अनेक जण सुचवत आहेत. ते खरोखर शक्य आहे का?

जमाखर्च

साखर कारखान्यांबद्दल आधी एक कायदेशीर बाब. नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ मुळे येते, आणि ते कंपन्यांना लागू आहे. सहकारी कारखाना ही कंपनी नसल्यामुळे त्याला ते लागू होत नाही. त्याने दिले तर ती देणगी, आणि देणगी ही संचालक मंडळाच्या मर्जीवर व निवडणुकीच्या वेळापत्रकावर चालते. खासगी कारखान्यांनाही ते बंधन ठरावीक उलाढाल, नक्त मूल्य किंवा नफा असेल तरच येते. म्हणून पत्र जरूर लिहावे, पण अंदाजपत्रकात ही रक्कम धरू नये.

कारखान्यात रस आटवताना निघणाऱ्या वाफेचे थंड होऊन झालेले पाणीच उद्यानाला घ्यावे, असेही कोणी सुचवील. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते, त्यामुळे गाळपाच्या काळात कारखान्याकडे पाणी खरोखर जास्त होते. पण गाळप मार्चच्या सुमारास आटोपते आणि आपली टंचाई तेथून सुरू होते.

आपण दिलेल्या माहितीवरून मला हे काम दोन स्वतंत्र भागांत करावे असे वाटते. टेकडीच्या पायथ्याच्या उद्यानासाठी बॅकवॉशची निवळण टाकी आणि उतारावरची वाहिनी, हे काम पुनर्वापराच्या नावाने बंधित निधीतून मागावे. विहिरीचे काम स्वनिधीतून किंवा आमदार निधीतून, आणि त्यासोबत टँकर भरण्याचे ठिकाण तेथेच. दोन्ही एकाच प्रस्तावात घातली तर एकाच्या आक्षेपामुळे दुसरेही अडेल. शिवाय ३८ लाखांचे एक काम मंजूर होण्यापेक्षा दोन छोटी कामे मंजूर होणे सोपे असते, हे ज्याने पालिकेची सभा पाहिली आहे त्याला सांगायला नको. फक्त तुकडे पाडून टेंडर टाळल्याचा आरोप येऊ नये म्हणून दोन्ही कामांचे स्रोत, जागा आणि लेखाशीर्ष वेगळे का आहेत, हे टिपणीत स्पष्ट लिहावे.

सॉल्ट लेकचा निपाणीकर

मूळ निपाणीचा, सध्या अमेरिकेतील यूटा राज्यात पाणी खात्याशी संबंधित कामात आहे. येथील अनेक छोट्या गावांत पिण्याच्या पाण्याची एक वाहिनी आणि बागांसाठी कालव्याच्या अशुद्ध पाण्याची दुसरी वाहिनी, अशा दोन स्वतंत्र व्यवस्था कितीतरी वर्षे आहेत. बर्फाच्या दिवसांत दुसरी वाहिनी रिकामी केली जाते आणि वसंतात पुन्हा भरली जाते. अशा योजनांना राज्याच्या जलसंपत्ती मंडळाकडून कमी व्याजाची कर्जे मिळतात आणि ती वापरणाऱ्यांच्या पट्टीतून फेडली जातात. म्हणजे पट्टी आधी ठरते आणि पाइप नंतर पडतो. जमाखर्च जे सांगत आहेत त्याच्याशी हे जुळते.

परंतु येथील अनुभवाचा एक कटू भाग अधिक उपयोगाचा आहे. हे पाणी अशुद्ध, म्हणून स्वस्त, म्हणून मोजण्याची गरज नाही, अशी समजूत होती आणि घरामागे वर्षाची ठोक रक्कम घेतली जात असे. परिणामी लोकांनी बागांवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओतले. शेवटी २०२२ मध्ये राज्याला कायदा करून २०३० पर्यंत या दुसऱ्या वाहिनीवरही मीटर बसवणे बंधनकारक करावे लागले आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून मोठी रक्कम द्यावी लागली. मागाहून मीटर बसवणे फार महाग पडते. गाळाच्या पाण्याने साधे मीटर अडकतात, म्हणून येथे हलते भाग नसलेले मीटर बरेच वापरतात. आपल्याकडे तीन उद्याने आणि टँकरचे एक तोंड, एवढ्यासाठी चार मीटर पुरेत. टँकरच्या तोंडावर मीटर नसेल तर विकलेल्या पाण्याचा हिशेब केवळ पावतीपुस्तकावर राहील, आणि पावतीपुस्तकाबद्दल मी काय लिहावे!

निवृत्त पाणीपुरवठा अभियंता

नगरसेवकांची शंका हसण्यावारी नेऊ नये. या योजनेतील सगळ्यात मोठा धोका तोच आहे, फक्त तो त्यांनी सांगितला त्या ठिकाणी नाही. मूल एखादा घोट पिईल ही भीती आहेच, आणि तिच्यावर उपाय सोपा आहे: उद्यानात या वाहिनीवर एकही उघडा नळ ठेवू नये. पाणी घेण्याची तोंडे जमिनीखालच्या झाकणाच्या पेटीत असावीत, चावी माळ्याकडे. तुषार सिंचन पहाटे उद्यान उघडण्याआधी आटोपावे. फाटकाजवळ पिण्याच्या पाण्याचा एक चांगला नळ जरूर द्यावा, कारण तहानलेल्या मुलाला शुद्ध पाणी हाताशी असले की ते दुसरीकडे तोंड लावत नाही. सूचनाफलक कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत असावा आणि त्यावर नळाचे फुली मारलेले चित्रही असावे. फलकाच्या भाषेवरून आपल्या भागात काय होते ते सर्वांना ठाऊक आहे, पण चित्राला कोणाची हरकत नसते.

खरा धोका जोडणीचा आहे. उद्या विहीर कमी पडली की एखादा उत्साही कर्मचारी पिण्याच्या वाहिनीतून या वाहिनीला तात्पुरता जोड देईल, मध्ये एक व्हॉल्व्ह बसवील आणि व्हॉल्व्ह बंद आहे म्हणून निश्चिंत राहील. आपल्याकडे पिण्याच्या वाहिनीत चौथ्या दिवशी पाणी येते, म्हणजे उरलेले तीन दिवस ती रिकामी, दाबाविना असते. अशा वेळी कच्च्या पाण्याच्या वाहिनीत दाब असेल आणि मधला व्हॉल्व्ह थोडा जरी गळत असेल, तर गढूळ पाणी पिण्याच्या वाहिनीत शिरते आणि चौथ्या दिवशी पहिल्या धारेला थेट घराघरांतल्या घागरीत जाते. गॅस्ट्रोची साथ अशीच येते. म्हणून ठरावातच लिहून घ्यावे की या दोन वाहिन्यांमध्ये कोणत्याही कारणासाठी, तात्पुरतीही, जोडणी केली जाणार नाही. विहीर आटली तर टाकीत वरून, हवेत मोकळ्या पडणाऱ्या धारेने टँकर ओतावा, पाइपला पाइप जोडू नये. वाहिनीचा रंगही वेगळा ठेवावा. अमेरिकेत यासाठी जांभळा रंग वापरतात. आपल्या बाजारात जांभळा पाइप मिळायचा नाही, तेव्हा काळ्या पाइपवर दर काही फुटांवर जांभळा पट्टा रंगवून घेतला तरी पुढे खोदणाऱ्याला कळेल.

विहिरीबद्दल इतकेच की गाळ काढल्यावर पाण्याची एकदा तरी तपासणी करावी, विशेषतः क्षारांची. बाजारपेठेतील सांडपाणी तिच्यात पाझरत असेल तर हिरवळीला फार बाधा होणार नाही, पण तुषार सिंचनाचे बारीक थेंब हवेत उडवू नयेत. तेथे पाट किंवा ठिबकच करावे. बेळगावात टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आजही आहे. जुन्या विहिरी निकामी होत नाहीत, आपण त्यांच्यात कचरा टाकणे थांबवले पाहिजे एवढेच.

दूधगंगाकाठ

काका, जोडणीचा मुद्दा ठरावात शब्दशः घालतो. उद्या मुख्याधिकाऱ्यांना भेटून पहिल्या भागाचे, म्हणजे बॅकवॉशच्या टाकीचे, स्वतंत्र अंदाजपत्रक देण्याची विनंती करणार आहे. त्याआधी आठवडाभर रोज किती वेळ बॅकवॉश होतो आणि चेंबरमधून किती पाणी जाते, याची नोंद फिल्टर हाऊसच्या ऑपरेटरकडून घेण्याचे ठरले आहे. शेवटचा प्रश्न जमाखर्च यांना: टँकरचे उत्पन्न आणि व्हॉल्वमनचा पगार एकत्र बांधून ठेवण्याची काही सोय आहे का? नाहीतर ते पैसे सर्वसाधारण जमेत मिसळतील आणि पहिल्याच टंचाईत दुसरीकडे वळतील.

जमाखर्च

मिसळतील यात शंका नाही. अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला "अशुद्ध पाणी विक्री" आणि खर्चाच्या बाजूला "उद्यान पाणीपुरवठा देखभाल" अशी दोन स्वतंत्र लेखाशीर्षे उघडून घ्यावीत आणि एकातील जमा दुसऱ्यातील खर्चासाठीच वापरली जाईल, असा सर्वसाधारण सभेचा ठराव करावा. असा ठराव पुढील सभा बदलू शकते, त्यामुळे हे काही अभेद्य कवच नव्हे. पण बदलायचे तर विषयपत्रिकेवर घ्यावे लागेल, आणि विषयपत्रिका तुम्ही मागून घेऊ शकता. दर तीन महिन्यांनी चार मीटरांचे आकडे, विकलेले टँकर आणि झालेला खर्च एका कागदावर पालिकेच्या सूचनाफलकावर लावण्याची अटही त्याच ठरावात घालावी. टँकरचा दर ठरवताना खासगी बोअरवेलवाल्यांपेक्षा तो थोडाच कमी ठेवावा. फार कमी ठेवला तर पहाटेपासून टँकरवाल्यांची रांग लागेल आणि उद्यानासाठी पाणीच उरणार नाही. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत विहिरीवरून विक्री बंद, हेही आत्ताच लिहून ठेवावे, कारण एप्रिल उजाडल्यावर ते लिहिण्याची हिंमत कोणी करणार नाही.